तळहाताखालचं पाणी

बांबूच्या परांचीवर एक माणूस बसला होता आणि त्याचा उजवा तळहात लोखंडी पाइपाच्या तोंडावर होता. खाली दोघं जण बांबूच्या लांब तरफेला लोंबकळून पाइप वर उचलायचे आणि सोडून द्यायचे. पाइप वर जाताना वरचा मिस्त्री तोंड घट्ट दाबून धरायचा. खाली यायला लागला की हात किंचित उचलायचा, आणि त्याच्या बोटांतून गढूळ पाण्याची चूळ उडायची. बुडाशी खोदलेल्या खड्ड्यात पाण्यात शेण कालवून ठेवलं होतं, भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून. इंजिन नाही, धूर नाही. तळहाताची झडप आणि दोघांच्या अंगातलं बळ एवढ्यावर दुपारपर्यंत पाइप ६० फूट खाली गेला होता.

आपल्याकडे बोअर मारायची म्हणजे ट्रकवरची रिग येते, कानठळ्या बसतात, पांढऱ्या भुकटीनं अंगण भरून जातं. इथे, पश्चिम बंगालच्या उत्तर २४ परगणा जिल्ह्यात, खाली शेकडो फूट नुसता गाळ आणि वाळू. हिमालयानं हजारो वर्षं नद्यांबरोबर धाडलेली. फोडायला दगडच नाही.

संपादकांनी यंदा विषय दिला तो 'भरवसा'. मला पहिल्यांदा पाणी आठवलं. पाणी पिताना आपण भरवसा ठेवतो तो डोळ्यांवर, नाकावर, जिभेवर. स्वच्छ दिसतंय, वास नाही, चव बरी आहे, मग प्यायचं. या कसोटीनं जिथे माणसांचा सर्वांत मोठा घात केला, तिथे मार्च महिन्यात जाऊन आले. सियालदहहून बनगाव लोकल, ठाकूरनगर स्टेशन, बाहेर झेंडूच्या माळांचे ढीग, मग टोटो म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. सोबत एक निवृत्त विज्ञान शिक्षक होते. त्यांना सगळा परिसर 'मास्टरमोशाय' म्हणतो, मीही तेच म्हणू लागले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या बाटल्या, चाचणीचा डबा आणि रेघी कागदाची एक जाड वही.

परांचीवरच्या मिस्त्रीनं चुळीतून आलेली वाळू मुठीत पकडली, खाली वाकून मास्टरमोशायांच्या हातावर ठेवली. राखाडी, जवळजवळ काळी.

"लाल नाही लागली अजून," मिस्त्री म्हणाला.

मास्टरमोशायांनी मान हलवली. त्या रंगाचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. घरमालकीण, जिला मी काकीमा म्हणत होते, पदराला हात पुसत विचारत होती, "पाणी गोड असेल ना?"

कल

बंगालीत हातपंपाला 'कल' म्हणतात. घराच्या मागच्या अंगणात, केळीच्या बुंध्यांशेजारी सिमेंटचा छोटा ओटा आणि त्यावर ओतीव लोखंडाचा कल. ज्याच्या घरी कल त्याच्या सुनेला डोक्यावरून पाणी वाहावं लागत नाही. मुलगी द्यायची तर त्या घरी कल आहे का, हे विचारलं जायचं. त्याच्याभोवती घराची प्रतिष्ठा होती, आणि ती रास्त होती. त्याआधी माणसं तळ्याचं पाणी पीत. तळ्यातच आंघोळी, तळ्यातच भांडी, पावसाळ्यात त्यातच ताग कुजवायचा. कॉलरा आणि हगवणीनं घरोघरची पोरं जात. गंगेच्या या त्रिभुज प्रदेशात हातपंप आले ते जीव वाचवायला. सीमेपलीकडे बांगलादेशात सत्तरच्या दशकापासून युनिसेफनं ते मोठ्या प्रमाणावर बसवले, पुढे लोकांनी स्वतःच्या खर्चानं बसवले. वाळूतून गाळून येणारं पाणी जंतूंपासून बऱ्यापैकी सुरक्षित होतं. वरच्या मिस्त्रीचा तळहात त्या मोहिमेचं खरं यंत्र. दीड-दोन दिवसांत शंभर-दीडशे फुटांवर पाणी, तेही गरिबाला परवडेल अशा पैशांत.

पुढची गोष्ट म्हणूनच इतकी जिव्हारी लागते. कोणी विष कालवलं नव्हतं, कोणाचा कारखाना सांडला नव्हता. चांगल्या हेतूनं, कष्टाच्या पैशानं, डॉक्टरांच्या सल्ल्यानं माणसं एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर गेली.

१९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतून काही रोगी आले. अंगावर ठिपके, तळहातांवर खरखरीत घट्टे. साहांनी निदान चुकू दिलं नाही: हा आर्सेनिकचा आजार आहे आणि तो पाण्यातून आलेला आहे. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती बाटल्या घेऊन गावोगाव फिरू लागले आणि २०१८ मध्ये जाईपर्यंत फिरतच राहिले. त्यांच्या चमूनं पश्चिम बंगालमधल्या १ लाख ४० हजारांवर नलिकाकूपांचं पाणी तपासलं. जवळपास निम्म्यांत आर्सेनिक लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तेवढीच आहे, आपल्या भारतीय मानकातही तोच आकडा आहे. किती कमी ते आपल्या भाषेत सांगते. १०,००० लिटरचे दहा टँकर रांगेत उभे करा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक टाका. ती झाली मर्यादा. त्याच्या पाचपट, दहापट, कुठे कुठे पन्नासपट आर्सेनिक असलेलं पाणीही काचेच्या पेल्यात तेवढंच निवळशंख दिसतं. उकळून उपयोग नाही. उलट पाणी आटतं आणि आर्सेनिक मागे राहतं.

बांगलादेशात ते १९९३ मध्ये सापडलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत अॅलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी तिथली सुमारे साडेतीन ते पावणेआठ कोटी माणसं धोक्यात असल्याचा अंदाज मांडला आणि इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असल्याचं लिहिलं. त्याआधी १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणानं तिथल्या पाण्याची तपासणी केली होती, तीत आर्सेनिक तपासलंच गेलं नव्हतं. गावकऱ्यांची फिर्याद लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचली आणि २००६ मध्ये फेटाळली गेली. जे तपासलं नाही त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मला त्या निकालापेक्षा मोठा वाटतो. आपल्या गावच्या पाण्याच्या अहवालातही आपण फक्त छापलेले रकाने वाचतो. न छापलेल्या रकान्याबद्दल विचारायचं कोणाला सुचतं?

गंजानं धरलं, गंजानं सोडलं

रात्री मास्टरमोशायांच्या व्हरांड्यात बसून मी त्यांना विचारलं, की हे आर्सेनिक पाण्यात येतं कुठून. त्यांनी घरातून वाळूच्या दोन बाटल्या आणल्या. एकीत विटकरी पिवळी वाळू, दुसरीत दुपारी पाहिलेली राखाडी. "दोन्ही एकाच डोंगराच्या," ते म्हणाले. "एकीच्या अंगावर अजून कपडे आहेत."

कपडे म्हणजे गंज. हिमालयाची झीज होऊन नद्यांनी जी वाळू खाली आणली, तिच्या कणाकणावर लोहाच्या गंजाचा पातळ लेप होता, आणि आर्सेनिकला गंज प्रिय. ते त्या लेपाला चिकटून बसलं, कोणाला त्रास न देता. पण गेल्या काही हजार वर्षांत साठलेल्या गाळात नुसती वाळू नाही. दलदलींतला पालापाचोळा, मुळं, सडलेली पानंही तिच्याबरोबर गाडली गेली. हे कुजणारं अन्न खाणारे जिवाणू आधी तिथला प्राणवायू संपवतात. तो संपला की गंजातल्या लोहावर आपलं भागवतात. गंज विरघळतो, लोह पाण्यात उतरतं, त्याच्या आधारानं बसलेलं आर्सेनिकही सुटतं. अंगावरचा लेप गेलेली वाळू राखाडी दिसते. पिवळी-तांबूस वाळू म्हणजे लेप शाबूत, आर्सेनिक अजून पकडीत. ही जुनी, हिमयुगातली वाळू बहुतेक ठिकाणी खोलवर असते.

तळहातानं भोक पाडता येतं ते नेमकं वरच्या तरुण, राखाडी थरात. स्वस्त पाणी आणि विषारी पाणी एकाच खोलीवर भेटतात, यात कोणाचा काय दोष? साधारण ५०० फुटांच्या खाली पाणी बहुधा चांगलं लागतं, पण तिथवर जायला यंत्र लागतं, भरपूर पाइप लागतो आणि वरच्या थराचं पाणी खाली झिरपू नये म्हणून भोक नीट बुजवावं लागतं. जुन्या उघड्या विहिरींच्या पाण्यात हवा खेळते, म्हणून त्यांतही आर्सेनिक सहसा कमी. पण जंतू आले.

वाळूचा रंग वाचणं मिस्त्र्यांना कोणी शिकवलं नव्हतं. काळ्या वाळूचं पाणी भात पिवळा करतं, कपड्यांवर डाग पाडतं, हे त्यांना लोहामुळे माहीत होतं. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात संशोधकांनी मिस्त्र्यांची ही पारख आर्सेनिकशी ताडून पाहिली आणि ती बरीचशी खरी निघाली. पुस्तकातलं ज्ञान तळहातावरच्या ज्ञानाकडे शिकायला गेलं, हे मला फार आवडलं.

दुसरी गोष्ट मात्र छळणारी. गाळ सरळ थरांत बसत नाही. जुनी पात्रं, बुजलेल्या खाड्या, वाळूचे पट्टे यांची गुंतवळ असते. या घराच्या कलाला आर्सेनिक, कुंपणापलीकडच्या कलाला नाही. त्यामुळे गावाचं पाणी चांगलं की वाईट, असं सांगताच येत नाही. कल एकेक करून तपासायचा.

हात

गावात एका माणसाला भेटले. वय पन्नाशीचं, दिसायला साठीचा. मी त्यांना दादा म्हटलं. त्यांनी काही बोलायच्या आधी दोन्ही हात माझ्यासमोर उघडले. इतकी वर्षं डॉक्टर, पाहणी करणारे, फोटो काढणारे येत राहिले की माणूस ओळखीऐवजी हातच पुढे करतो. तळव्याची कातडी जाड, पिवळसर, आणि तिच्यावर मोहरीएवढे टोकदार घट्टे दाटीनं आलेले. मी हात हातात घेतला तर खडबडीत कानस धरल्यासारखं वाटलं. मधल्या बोटाच्या बुडाशी भेग होती, तिच्यात हळद भरली होती. छातीवर काळे-पांढरे ठिपके, धुळीवर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसे.

"मूठ वळत नाही," ते म्हणाले. "विळा धरता येतो, पण दाबून नाही."

हे सगळं दिसायला पाच, दहा, कधी पंधरा वर्षं लागतात. म्हणूनच कलाशी त्याचा संबंध कोणाला लावता आला नाही. आत यकृत, फुप्फुसं, रक्तवाहिन्या यांना इजा होत असते; त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग ही शेवटची भीती. यावर रामबाण औषध नाही. चांगलं पाणी आणि चांगलं अन्न हेच उपचार. शरीर आर्सेनिक बाहेर टाकायचा प्रयत्न करतं. यकृतात त्याचं रूप बदलून लघवीवाटे दोन-तीन दिवसांत बरंचसं घालवतं. या कामाला प्रथिनं आणि पालेभाज्यांतली जीवनसत्त्वं लागतात. ज्याच्या ताटात डाळ-अंडं-मासळी आहे तो त्याच कलाचं पाणी पिऊन थोडा अधिक टिकतो. ज्याच्या ताटात मीठ-भात आहे तो आधी पडतो. विषही माणसाची परिस्थिती बघून लागतं.

दादांची मुलगी चहा घेऊन आली. तिच्या हातांकडे मी पाहिलं आणि मग ते पाहिल्याची मला लाज वाटली. त्या कोवळ्या हातांकडे गावात येणारं प्रत्येक स्थळ तसंच बघत असणार. हा आजार स्पर्शानं होत नाही, एकाच ताटात जेवून होत नाही, आईकडून मुलीला वारशानं येत नाही. तरी कित्येक वर्षं लोकांनी त्याला कुष्ठरोग समजून माणसं दूर ठेवली, सुना माहेरी धाडल्या. दादांच्या घरचा कल आता फक्त धुण्याभांड्यांसाठी आहे. कातडीवाटे आर्सेनिक फारसं आत जात नाही, त्यामुळे ते चालतं.

चहाच्या पाण्याबद्दल मी विचारलं नाही. मुलीनं आपणहून सांगितलं, "नळाचं आहे, दिदी."

लाल रंग

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या कट्ट्यावर मास्टरमोशायांनी डबा उघडला. मुलं भोवती जमली. बाटलीत पाणी खुणेपर्यंत भरलं, एका पुडीतली भुकटी टाकली, हलवलं, मग दुसरी पुडी, जिच्यात जस्त असतं. पाणी फसफसू लागताच झाकण लावलं. झाकणाच्या आत एक पांढरी कागदी पट्टी अडकवलेली. पाण्यातल्या आर्सेनिकचा वायू होतो, वर येतो आणि पट्टीवर आपला रंग सोडतो. हा वायू विषारी, म्हणून मास्टरमोशाय मुलांना चार हात लांब उभं करतात आणि वाऱ्याची दिशा बघून बसतात. पट्टीही उघड्या हातानं धरत नाहीत, कारण तिच्यात पाऱ्याचं संयुग असतं.

वीस मिनिटं थांबायचं. ही वीस मिनिटं मला लांबच लांब वाटली. कल ज्यांचा, ते आजोबा काठी टेकून पट्टीकडे टक लावून बसले होते. पट्टीचा मधला ठिपका आधी जेमतेम मळला, मग फिकट पिवळा झाला, मग हळदीकडे झुकला. मास्टरमोशायांनी तो डब्यावरच्या रंगांशी लावून पाहिला: १०, २५, ५०, १००. "पन्नासच्या आसपास." पाण्याचा दुसरा नमुना त्यांनी प्रयोगशाळेसाठी बाजूला ठेवला, डब्याचा रंग हा इशारा, आकडा प्रयोगशाळेचा.

बांगलादेशात शतकाच्या सुरुवातीला अशा डब्यांनी सुमारे ५० लाख हातपंप तपासले गेले. चांगल्या कलाच्या तोंडाला हिरवा रंग, वाईटाला लाल. लाल रंगाचे चौदा लाखांच्या घरात निघाले. बहुतेक लाल कलांपासून हाकेच्या अंतरावर एखादा हिरवा होता, म्हणजे नवं काही न बांधता, फक्त शेजारच्या अंगणात जाऊन, लाखो माणसं वाचू शकत होती. कित्येक वाचलीही. पण शेजारच्या अंगणात जाणं ही काही सोपी गोष्ट नाही. भावकीचं भांडण असतं, जात असते, धर्म असतो, परक्या पुरुषांसमोरून सुनेनं दिवसातून चारदा जायचं असतं. त्यात रंग ऊन-पावसात उडतो. पंप दुरुस्त करताना तोंड बदललं की लाल कलाला नवं, बिनरंगाचं तोंड बसतं आणि त्याचा गुन्हा पुसला जातो. नवे कल तर रोज पडत असतात, काकीमांच्या अंगणात पडत होता तसे. तपासणी एकदाच केली म्हणून कशी पुरेल?

मास्टरमोशायांची वही त्यासाठी आहे. घरमालकाचं नाव, कलाची खोली, वाळूचा रंग, पट्टीचा रंग, तारीख. काही नोंदींपुढे तीन-तीन तारखा. वहीचे कोपरे पाण्यानं फुगले आहेत. या वहीला कोणत्याही कार्यालयाचा शिक्का नाही, पण गावात मुलीचं लग्न ठरवताना लोक तिच्यात डोकावून जातात.

यंत्राला माणूस लागतो

आर्सेनिक काढायचं कसं, हे कोडं कधीचं सुटलं आहे. ज्या गंजानं ते जमिनीखाली सोडलं, त्याच गंजाला वर पुन्हा धरायला लावायचं, एवढीच त्यामागची युक्ती. अनेक घरांत बायका कलाचं पाणी रात्रभर घागरीत ठेवून सकाळी वरचं निवळ घेतात, तळाचा तांबडा गाळ टाकतात. लोहाबरोबर थोडं आर्सेनिकही त्या गाळात जातं. बांगलादेशात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी दोन बादल्या, वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि लोखंडाचा खास थर वापरून 'सोनो' गाळणी केली. २००७ मध्ये तिला १० लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. अरूप सेनगुप्ता आणि शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांनी १९९७ पासून खेड्यांत कलालाच जोडलेल्या, अॅल्युमिनाच्या दाण्यांच्या टाक्या बसवल्या.

आणि एक मुंबईकर. मुंबईत जन्मलेले, आता अमेरिकेत बर्कलीला असलेले अशोक गाडगीळ यांनी साध्या पोलादी पट्ट्या पाण्यात बुडवून त्यांतून वीज सोडायची पद्धत विकसित केली. वीज पट्ट्यांना गंजवते, तो ताजा गंज आर्सेनिकला मिठी मारतो आणि तळाशी बसतो. दक्षिण २४ परगण्यात धपधपीच्या शाळेत, जादवपूर विद्यापीठाच्या साथीनं, दिवसाला १०,००० लिटरचा प्रकल्प २०१६ साली त्यांनी उभा केला. विद्यार्थ्यांना पाणी, गावाला अल्प दरात पाणी आणि त्या पैशातून पट्ट्या-वीज-पगार, असा हिशेब त्यांनी पहिल्यापासून यंत्राच्या आराखड्यातच धरला होता. सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट मला ती वाटली.

कारण कोडं सुटल्यावर काय होतं तेही मी पाहिलं. एका गावाच्या चौकात, वडाखाली, माणसाहून उंच निळी टाकी उभी होती. पाटी गंजून अक्षरं गेलेली. तोटीला कोळ्याचं जाळं. टाकीच्या पायथ्याशी कोणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या. "उद्घाटनाला मंडप होता," एक बाई म्हणाली. "नंतर आतले दाणे बदलायला कोणी आलं नाही. पाणी येत होतं, आम्ही पीत होतो." शेवटच्या वाक्यानं मी हादरले. दमलेली गाळणी पाणी थांबवत नाही. ती निवळशंख पाणीच देत राहते, फक्त आर्सेनिकसकट. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा चालू राहिलेलं दमलेलं यंत्र घातकी, कारण त्याच्यावर भरवसा बसलेला असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चक्रवर्तींच्या चमूनं बारुईपूर भागातली १९ सामुदायिक यंत्रं दोन वर्षं तपासली. १० मायक्रोग्रॅमच्या खाली सातत्यानं एकही राहू शकलं नव्हतं.

त्या निळ्या टाकीपासून चार किलोमीटरवर दुसरं गाव. तशीच टाकी, पण भोवती कुंपण, जास्वंद. सकाळी सहाला एक विधवा बाई येऊन किल्ली फिरवते. आधी पाणी उलटं सोडते. दाण्यांत अडकलेला तांबडा लगदा धुऊन निघतो, तो नाल्यात जाऊ न देता वाळूच्या टाकीत अडवते. दर घर महिन्याला ठरलेले पैसे देतं, तिच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठीसह जमा होतात. दाणे दमले की काढून कॉस्टिक सोड्यानं धुवायला पाठवायचे. "सुट्टी?" मी विचारलं. "पाण्याला सुट्टी असते का?" ती म्हणाली आणि बादल्यांच्या रांगेकडे वळली. टाकी दोन्हीकडे तीच. फरक या बाईचा आणि तिच्या डब्याचा.

मला या प्रवासातून जे कळलं ते इथेच. आपण योजना मोजतो ती बसवलेल्या यंत्रांनी. ती मोजायला हवी सकाळी सहाला येणाऱ्या माणसांनी, आणि अंदाजपत्रकात पहिली ओळ त्यांच्या पगाराची हवी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे आपल्याला फ्लोराइडनं असंच गाठलं आहे. तिथेही वाकलेली हाडं आणि कुलूपबंद शुद्धीकरण खोल्या मी शेजारी शेजारी पाहिल्या आहेत. खेडोपाडी दिसणाऱ्या 'इंडिया मार्क २' हातपंपाचं मूळ जालना आणि सोलापूरच्या कारागिरीत आहे. पंप टिकाऊ कसा करायचा ते आपण देशाला शिकवलं. पंपामागचा माणूस टिकवायची कारागिरी अजून बाकी आहे. आणि आर्सेनिक आपल्यापासून लांब आहे असंही नाही: गडचिरोलीच्या वेशीपलीकडे, छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडिकसा आणि आसपासच्या गावांत ते खडकातून पाण्यात उतरलेलं आहे.

भात

सरकारी नळ आता पुष्कळ गावांत पोचला आहे. हुगळीचं पाणी शुद्ध करून किंवा खोल नलिकाकूपातून उपसून ते आणलं जातं, आणि माझ्या मते लांब पल्ल्याचा खरा मार्ग तोच. ठाकूरनगरच्याच गायघाटा भागात, मधुसूदनकाटी गावी, सुलभ इंटरनॅशनल आणि गावची शेतकरी सहकारी संस्था यांनी तळ्याचं पाणी शुद्ध करून नाममात्र दरात द्यायला सुरुवात केली. ज्या तळ्याकडे पाठ फिरवून माणसं कलाकडे गेली, त्या तळ्याकडे ती पुन्हा वळली. पण नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. वीज गेली, पाइप फुटला, शेतावरून यायला उशीर झाला, की अंगणातला कल हाक मारतोच.

शिवाय शेत आहे. मी गेले तेव्हा बोरो, म्हणजे उन्हाळी भाताचा हंगाम होता. जिकडे पाहावं तिकडे कोवळा हिरवा रंग आणि त्यात 'श्यालो', म्हणजे उथळ नलिकाकूपांवरच्या पंपांची धडधड. हे पंप त्याच राखाडी थरातून पाणी उपसतात. भाताच्या खाचरात पाणी तुंबून राहतं, चिखलातला प्राणवायू संपतो आणि जमिनीखाली जे घडलं तेच शेतात घडतं: गंज सुटतो, आर्सेनिक सुटतं, भाताची मुळं ते ओढून घेतात. थोडं दाण्यात, त्याहून जास्त पेंढ्यात. पेंढा गाय खाते.

काकीमांच्या चुलीवर त्याचा एक उतारा मला दिसला. तांदळाच्या पाच-सहापट पाणी मोठ्या हांड्यात उकळायचं, तांदूळ शिजत आला की हांडा झाकणासकट आडवा करून पेज सगळी काढून टाकायची. आपल्याकडे कोकणात भात वेळतात, तसाच. शिजवायचं पाणी चांगलं असेल तर तांदळातलं बरंच आर्सेनिक पेजेबरोबर निघून जातं. पाणीच वाईट असेल तर भात उलट ते शोषून घेतो. काकीमांना हे मास्टरमोशायांनी सांगितलं होतं, पण त्या भात तसा करत होत्या तो सासूनं शिकवला म्हणून. आता पेज गाईला घालायची नाही, एवढाच बदल. तो त्यांना सर्वांत जड गेला. अन्न वाया घालवायचं कसं?

तिसऱ्या दिवशी दुपारी नवा कल बसला. पाइप १३० फुटांवर थांबला होता. लाल वाळू काही लागली नव्हती. मिस्त्रीनं दांडा शंभरदा मारून गढूळ पाणी काढून टाकलं. मग आलं ते इतकं स्वच्छ, इतकं गार, की मी नकळत ओंजळ पुढे केली. काकीमांनी माझं मनगट धरलं.

मास्टरमोशाय ओट्यावर बसले. पुडी, दुसरी पुडी, झाकण. वीस मिनिटं. मिस्त्री परांची सोडत होता, पण त्याचंही लक्ष इकडेच. ठिपका पिवळा झाला, थांबला नाही, गडद झाला. ५० आणि १०० च्या मध्ये कुठेतरी.

"अजून खाली?" काकीमांनी विचारलं.

"तिथे हात पोचत नाही, काकीमा," मिस्त्री म्हणाला आणि आपला चिखलानं सुरकुतलेला तळहात पाहू लागला. "मशिन लागेल."

मास्टरमोशायांनी वहीत खोली लिहिली, वाळूचा रंग लिहिला, तारीख लिहिली. त्यांच्या पिशवीतला लाल रंगाचा डबा वाळून गेला होता. काकीमा आत गेल्या, जुन्या साडीचा लाल काठ फाडून आणला आणि नव्या कलाच्या दांड्याला दोन गाठी मारून बांधला. "भांड्यांना होईल," त्या म्हणाल्या. मग सुनेला हाक मारली. सुनेनं दोन रिकामे कॅन सायकलच्या कॅरिअरला अडकवले आणि जास्वंदीच्या कुंपणाच्या गावाकडे निघाली. टाकी संध्याकाळी सहा वाजता पुन्हा बंद होते.